चाच्यांच्या रहस्यावर जुन्या धाटणीचा शोधखेळ कसा रचावा: हेन्री एव्हरीच्या प्रकरणाच्या आधारे

सप्टेंबर १६९५ मध्ये हज यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन सुरतेला परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे औरंगजेब बादशहाचे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. पुढच्या वर्षी जूनमध्ये हा माणूस आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरील डनफॅनाघी येथे उतरला आणि तेथून असा नाहीसा झाला, की त्याचे पुढे काय झाले हे आजपर्यंत कोणालाही खात्रीने सांगता आलेले नाही. चाच्यांच्या रहस्यावर संगणकावरचा शोधखेळ रचायचा असेल, तर यापेक्षा चांगला विषय शोधूनही मिळणार नाही, असे माझे मत आहे. या प्रकरणातल्या साक्षी, पत्रे, जाहीरनामे आणि खटल्याची कागदपत्रे शिल्लक आहेत. शिवाय त्याचा पहिला अंक कॅरिबियन बेटांवर घडत नाही, आपल्या शेजारच्या सुरतेच्या समुद्रात घडतो.

हे मार्गदर्शन एकट्याने किंवा एकदोन मित्रांच्या मदतीने, मराठीत, जुन्या धाटणीचा असा खेळ करू पाहणाऱ्यासाठी आहे. ‘जुनी धाटणी’ म्हणजे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आणि १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या साहसखेळांची धाटणी. ३२० गुणिले २०० ठिपक्यांचा पडदा, मोजके रंग, खाली क्रियापदांची पट्टी आणि खिशातल्या वस्तूंची यादी, असे त्यांचे रूप असे. १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्सने ‘मॅनिॲक मॅन्शन’साठी ‘स्कम’ ही प्रणाली तयार केली आणि त्याच प्रणालीवर १९९० मध्ये ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा चाच्यांचा खेळ आला. शोधाच्या अंगाने पाहायचे तर २०१८ मध्ये लुकास पोप यांनी केलेला ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ अवश्य खेळून पाहावा. १८०७ साली एक रिकामे जहाज फॅलमथ बंदरात वाहत येते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाने जहाजावरच्या ६० माणसांचे काय झाले हे ठरवायचे असते. हा सारा खेळ जुन्या मॅकिंटॉश संगणकाप्रमाणे केवळ दोन रंगांत रेखाटलेला आहे. पहिल्या परंपरेतून रूप घ्यावे आणि दुसऱ्या खेळातून तर्काची शिस्त घ्यावी.

आधी प्रश्न ठरवावा

नवा रचनाकार बहुतेक वेळा ‘एव्हरी कुठे गेला?’ हाच प्रश्न खेळाच्या केंद्रस्थानी ठेवतो, आणि तेथेच खेळ बिघडतो. या प्रश्नाचे उत्तर पुराव्यात नाही. रचनाकाराला ते कल्पनेने रचावे लागते, आणि खेळणाऱ्याला मग तर्क करण्याऐवजी रचनाकाराच्या मनात काय आहे हे ओळखावे लागते. शोधखेळाने केवळ असेच प्रश्न विचारावेत, ज्यांची उत्तरे खेळणाऱ्याच्या हाती दिलेल्या पुराव्यातून निःसंशय निघतात. मोठे रहस्य अनुत्तरित राहू द्यावे आणि त्याच्या पोटातले उत्तर असलेले प्रश्न वेचून काढावेत.

एव्हरीच्या प्रकरणात असे किमान तीन प्रश्न आहेत. पहिला सुरतेतला: हल्लेखोर कोण होते, आणि सुरतेच्या वखारीतले इंग्रज त्यांना सामील होते का? लुटीची बातमी पोहोचल्यावर सुरतेचा मुघल अधिकारी इतिमाद खान याच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. कंपनीच्या वखारीचा प्रमुख सॅम्युएल ॲन्स्ली आणि त्याचे सहकारी कैदेत टाकले गेले होते आणि शहरातले लोक संतापलेले होते. दुसरा प्रश्न बहामा बेटांवरच्या नासाऊचा: १६९६ च्या वसंतात गव्हर्नर निकोलस ट्रॉट याच्याकडे आलेला आणि स्वतःला ‘हेन्री ब्रिजमन’ म्हणवणारा, परवान्याविना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करून आल्याचे सांगणारा कप्तान खरोखर कोण होता? तिसरा प्रश्न इंग्लंडमधल्या रॉचेस्टर गावाचा, आणि तो सर्वांत छोटा आहे: सरायीत उतरलेल्या जॉन डॅन नावाच्या प्रवाशाचा अंगरखा इतका जड का?

या तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे. जुलै १६९६ च्या अखेरीस रॉचेस्टरच्या सरायीतल्या एका मोलकरणीला डॅनच्या अंगरख्यात काहीतरी शिवलेले आढळले. त्यात १,०४५ पौंड किमतीची सिक्विन ही सोन्याची नाणी आणि दहा गिनी निघाल्या. सोन्याच्या तेव्हाच्या भावाने हे वजन सात किलोच्या आसपास भरते. डॅन हा एव्हरीचाच खलाशी होता. नगराध्यक्षाने त्याला अटकेत टाकले आणि ३ ऑगस्ट रोजी त्याची जबानी झाली. एव्हरीच्या प्रवासाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग या जबानीतून आलेला आहे. एक खोली, एक अंगरखा, एक मोलकरीण, एक संशयित आणि एक न्यायाधिकारी, एवढ्यावर अर्ध्या तासाचा पूर्ण खेळ उभा राहतो. सुरत, नासाऊ आणि लंडन यांचा मोठा पट पहिल्याच प्रयत्नात मांडायला घेतला, तर काम अर्धवट राहण्याची शक्यता फार असते. रॉचेस्टरचा अंक पुरा करून तो चार जणांकडून खेळवून घेतल्यावरच पुढच्या अंकाकडे वळावे.

पुरावा गोळा करणे आणि तो एकमेकांवर घासून पाहणे

एक वही घेऊन प्रत्येक दस्तऐवजासाठी एक पान राखून ठेवावे. प्रत्येक पानावर चार गोष्टी लिहाव्यात: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याने ते स्वतः पाहिले होते की ऐकले होते, आणि असे लिहिण्यात त्याचा काय स्वार्थ होता. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण शोधखेळाची उत्तम कोडी त्यातूनच निघतात.

लुटीच्या रकमेचे उदाहरण घ्यावे. त्या काळचा इतिहासकार खाफी खान लिहितो की जहाजावर मोखा आणि जेद्दा येथे विकलेल्या हिंदुस्थानी मालाचे बावन्न लाख रुपये सोन्याचांदीच्या रूपात होते. मुघलांचा दावा सहा लाख पौंडांचा होता, तर ईस्ट इंडिया कंपनीने हाच आकडा सव्वातीन लाख पौंड धरला. रुपयाचा भाव तेव्हा साधारण सव्वादोन ते अडीच शिलिंग होता (वीस शिलिंगांचा एक पौंड). त्या भावाने बावन्न लाखांचे पौंड केले, तर रक्कम सहा लाखांच्या आसपासच येते. म्हणजे खाफी खान आणि मुघल दावा एकमेकांना धरून आहेत, आणि कंपनीचा आकडा जवळजवळ निम्मा आहे. भरपाईचा बोजा ज्याच्यावर पडणार होता, त्यानेच रक्कम कमी धरली, हा निष्कर्ष खेळणाऱ्याने स्वतः काढावा. खेळात तीन कागद, रुपयाचा भाव लिहिलेली सराफाची एक चिठ्ठी आणि हिशेबाची पाटी एवढेच द्यावे आणि बाकीचे त्याच्यावर सोपवावे.

तारखांचे कोडे त्याहून गोड आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालत होते आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे इंग्रजी कागदावरचा ‘फेब्रुवारी १६९४’ हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६९५ असतो. एव्हरीने ‘चार्ल्स दुसरा’ या जहाजावर बंड केले ते मे १६९४ मध्ये, स्पेनच्या कोरुन्या बंदरात, कारण खलाशांचा पगार थकला होता. जहाजाचे नाव बदलून त्याने ‘फॅन्सी’ ठेवले. कोमोरो द्वीपसमूहातल्या योहाना बेटावर त्याने इंग्रज कप्तानांना उद्देशून एक पत्र ठेवले. त्या पत्रावर आपल्या वर्षगणनेने २८ फेब्रुवारी १६९५ ही तारीख येते. कागदावरचे वर्ष तसेच वाचणाऱ्याला वाटते की पत्र बंडाच्या आधीचे आहे आणि म्हणून ते बनावट असावे. वर्षारंभाचा नियम ज्याला सापडतो, त्याला क्रम उलगडतो. सुरतेच्या अंकात मुघल कागदांवर हिजरी ११०७ हे वर्ष येईल, आणि दक्षिणेतून आलेला एखादा कागद दाखवला तर त्यावर शक १६१७ येईल. जुने कागद वाचणाऱ्या मराठी माणसाला ही तिहेरी कालगणना नवी नाही. खेळात ती कोड्याच्या रूपाने आली, तर वाचकाला आपलीच वाटेल.

त्याच पत्रात खुणेचा मजकूर आहे. एव्हरीने लिहिले होते की त्याने कोणत्याही इंग्रज वा डच जहाजाला उपद्रव दिलेला नाही, आणि ज्या कप्तानाला ओळख पटवायची असेल त्याने आपले निशाण गुंडाळून मागच्या डोलकाठीच्या टोकावर चढवावे, म्हणजे तोही तसेच उत्तर देईल. रचनाकाराच्या दृष्टीने ही देणगीच आहे. खेळात समुद्रावरच्या जहाजाचे एक दूरचे चित्र द्यावे, त्यातले निशाण गुंडाळलेले दाखवावे आणि त्याबद्दल एक शब्दही लिहू नये. पत्र वाचलेला खेळाडू ते चित्र पुन्हा पाहील, तेव्हा त्याला जो आनंद होईल तो कोणत्याही संवादाने देता येणार नाही.

येथे एका गोष्टीची स्पष्ट नोंद करणे मला आवश्यक वाटते. ‘गंज-इ-सवाई’वर चाच्यांनी केलेले अत्याचार भयानक होते. खाफी खानाने लिहिले आहे की अब्रू वाचवण्यासाठी काही स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या. या प्रसंगाचे कोडे करू नये आणि तो चित्रातही रंगवू नये. सुरतेला परतलेल्या यात्रेकरूची एक छोटी, शांत जबानी पुरेशी आहे. एव्हरीने बादशहाच्या कन्येशी विवाह केला, ही इंग्रजी लोककथांनी मागाहून चिकटवलेली गोष्ट खेळात आणायचीच असेल, तर ती लंडनच्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पत्रकातली अफवा म्हणून आणावी आणि पुराव्याच्या वहीत तिला ‘ऐकीव’ या रकान्यातच जागा द्यावी.

शब्दाबद्दलही सावध राहावे. इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांनाही आपल्या कागदांत चाचा म्हटले, परंतु ते मराठा आरमाराचे सरखेल होते आणि दस्तक म्हणजे समुद्रपरवाना न घेणाऱ्या जहाजांवर कारवाई करणे हा त्यांच्या दृष्टीने राज्याचा हक्क होता. एव्हरीपाशी अशी लूट करण्यासाठी कोणत्याही राज्याचा परवाना नव्हता. मराठी खेळात हे दोघे एकाच रांगेत उभे राहू नयेत.

कोड्यांचा आराखडा शेवटाकडून काढावा

मोठा कागद घ्यावा, तळाशी शेवटचे उत्तर लिहावे आणि तेथून वर चढत जावे. नासाऊच्या अंकाचे उत्तर आहे ‘ब्रिजमन म्हणजेच एव्हरी’. हे सिद्ध करण्यासाठी काय काय ठाऊक असावे लागेल? एक, ब्रिजमनची हकीकत खोटी आहे. दोन, त्याचे जहाज ‘फॅन्सी’च आहे. तीन, त्याची माणसे एव्हरीची माणसे आहेत. पहिल्या विधानासाठी मालाची यादी उपयोगी पडते. जहाजावर हस्तिदंत होते, आणि हस्तिदंत आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या हकिकतीशी जुळते. पण खलाशांच्या हाती असलेली अरबी नाणी तिच्याशी जुळत नाहीत. खऱ्या वाटणाऱ्या हकिकतीला एकच वस्तू छेद देते, हे शोधकथेचे सर्वांत समाधान देणारे वळण असते. दुसऱ्या विधानासाठी ४६ तोफांची संख्या आहे. साध्या व्यापारी गलबतावर इतक्या तोफा कशासाठी, हा प्रश्न खेळणाऱ्याने स्वतःला विचारावा.

आराखड्यात प्रत्येक विधानाकडे येणाऱ्या किमान दोन वाटा असाव्यात, म्हणजे एक सुगावा नजरेतून सुटला तरी खेळ अडून बसणार नाही. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असा उलटा क्रमही टाळावा. खेळणाऱ्याला अंगरख्याची शिवण उसवण्यासाठी कात्री आधीच मिळाली आणि अंगरखा नंतर दिसला, तर त्याने काही सोडवले असे त्याला वाटत नाही. अंगरखा आधी दिसावा, त्याचे वजन जाणवावे, शिवण हाताला लागावी, आणि मग कात्रीची गरज मनात उभी राहावी.

उत्तर तपासण्याच्या पद्धतीवर वेळ खर्च करावा. रिकाम्या जागा असलेली वाक्ये आणि वहीत जमलेले शब्द, ही रीत मला सर्वांत उपयोगी वाटते. उदाहरणार्थ, ‘___ हा ___ या नावाने ___ येथे उतरला’. शब्द चारच असतील, तर तीन जागा भरण्याच्या केवळ २४ रीती होतात आणि खेळणारा विचार न करता एकेक करून पाहू शकतो. बारा शब्द असतील, तर त्याच तीन जागांसाठी १,३२० रीती होतात आणि अंदाजाची वाट बंद होते. ‘ओब्रा डिन’मध्ये याला आणखी एक जोड आहे: तेथे माणसांची नशिबे तीनतीनच्या गटानेच बरोबर ठरवली जातात, म्हणून एकाच उत्तरावर नेम धरून पाहता येत नाही. आपल्या छोट्या खेळात दोन वाक्ये एकत्र तपासली तरी पुरते. चूक झाल्यास ‘यातले काहीतरी जुळत नाही’ एवढेच सांगावे. कोणता शब्द चुकला हे सांगू नये.

मराठी पडद्यावर आणि मराठी व्याकरणात

या भागात मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण बाकीचे सर्व इतर भाषांतल्या मार्गदर्शनांत सापडते, हे मात्र सापडत नाही.

जुन्या खेळांतले इंग्रजी अक्षर आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसत असे. देवनागरी तेवढ्या जागेत बसत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार यांना जागा हवी, खाली उकारांना हवी, आणि ‘ष्ट्र’ किंवा ‘क्ष्म’सारख्या जोडाक्षरांना मधल्या भागातही उंची लागते. माझ्या अनुभवाने ओळीची उंची सोळा ठिपक्यांपेक्षा कमी असेल, तर वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे ३२० गुणिले २०० हा आग्रह सोडून ६४० गुणिले ३६० घ्यावे. ही चित्रे तिप्पट केली की आजच्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर तंतोतंत बसतात. दुसरा म्हणजे चित्रे ३२० गुणिले १८० मध्ये ठेवून मजकूर वेगळ्या थरावर, पडद्याच्या पूर्ण स्पष्टतेने काढावा. शुद्धतावाद्यांना दुसरा उपाय रुचणार नाही, परंतु लांब जबान्या वाचायच्या असलेल्या खेळात मी तोच निवडेन. मुक्त परवान्याचे ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे टंक त्यासाठी चांगले आहेत.

साधन निवडताना आणखी एक अडचण येते. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ‘क’च्या नंतर असते, पण दिसते ‘क’च्या आधी. हे स्थानांतर आणि जोडाक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा साधनात नसेल, तर युनिकोड चालत असूनही मजकूर मोडका दिसतो. म्हणून कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी ‘किर्र’, ‘राष्ट्र’, ‘दुसऱ्या’, ‘श्री’ आणि ‘वाङ्मय’ हे पाच शब्द त्यात उमटवून पाहावेत. ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ हे १९९७ पासूनचे विनामूल्य साधन या प्रकारच्या खेळांसाठीच जन्मले आहे आणि इंग्रजीत काम करणाऱ्याला ते उत्तम आहे. मराठीसाठी मात्र मी ‘गोडो’ची चौथी आवृत्ती सुचवेन. तेही विनामूल्य व मुक्तस्रोत आहे, आणि त्याची मजकूर यंत्रणा देवनागरीची जुळणी नीट करते. त्यात चित्रांची गाळणी ‘निअरेस्ट’ ठेवावी म्हणजे ठिपके धूसर होत नाहीत, आणि पडदा ताणण्याची रीत ‘कॅनव्हास आयटेम्स’ ठेवावी म्हणजे मजकूर स्वच्छ राहतो.

आता व्याकरण. जुन्या खेळांत आधी क्रियापद दाबायचे आणि मग वस्तू, कारण इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येते. मराठीत ते शेवटी येते. ‘कात्री अंगरख्याला लावा’ हे वाक्य पडद्याच्या तळाशी आपोआप जुळायचे असेल, तर आधी वस्तूवर आणि मग क्रियापदावर टिचकी मारण्याचा क्रम ठेवावा. वाक्य डोळ्यांसमोर मराठीच्या चालीने बांधले जाते आणि खेळणाऱ्याला तो क्रम शिकवावा लागत नाही. क्रियापदे पाचसहाच पुरेत: पाहा, उचला, लावा, विचारा, दाखवा, ताडून पाहा. यातले शेवटचे शोधखेळाचे प्राण आहे.

प्रत्येक वस्तूची चार माहिती-मूल्ये साठवावीत: मूळ रूप, सामान्यरूप, लिंग आणि वचन. ‘अंगरखा’चे सामान्यरूप ‘अंगरख्या’, ‘नाणे’चे ‘नाण्या’, ‘चावी’चे ‘चावी’ असेच राहते, तर स्थळांमध्ये ‘सुरत’चे ‘सुरते’ आणि ‘मोखा’चे ‘मोख्या’ होते. ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘वर’ हे सामान्यरूपाला जोडले की वाक्य शुद्ध होते. मूळ रूपाला जोडले तर ‘अंगरखाला’ असे कानाला खटकणारे रूप पडद्यावर येते आणि खेळावरचा विश्वास उडतो. भूतकाळात क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते: अंगरखा तपासला, चावी तपासली, नाणे तपासले, नाणी तपासली. सुरुवातीलाच लिंग न साठवता शंभर संवाद लिहिले, तर पुढे ते सारे हाताने दुरुस्त करावे लागतात. नायक स्त्री की पुरुष हे खेळणाऱ्यावर सोडायचे असेल, तर निवेदन ‘तुम्ही’ धरून लिहावे. ‘तुम्ही खोलीत आलात’ हे दोघांनाही लागू पडते.

मराठीने दिलेले एक हत्यार इंग्रजी रचनाकाराजवळ नाही, ते म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. नासाऊच्या धक्क्यावर सारे खलाशी ब्रिजमनला केवळ ओळखीचा व्यापारी म्हणून ‘तुम्ही’ म्हणत असताना एखादा दारूच्या नशेत ‘कप्तान, आपण सांगाल तसं’ म्हणून गेला, तर तो सुगावा आहे. रॉचेस्टरची मोलकरीण डॅनशी ‘साहेब, आपण’ असे बोलते, आणि नाणी सापडल्यावर नगराध्यक्ष त्याला थेट ‘तू’ म्हणतो. एका शब्दाने खोलीतली हवा बदलते. मात्र असा सुगावा ठेवायचा असेल, तर संपूर्ण खेळात संबोधने काटेकोर असली पाहिजेत, कारण लेखकाच्या निष्काळजीपणातून एखादे ‘तू’ भलतीकडे पडले, तर खेळणारा त्याच्या मागे जाऊन भरकटेल.

चित्र आणि ध्वनी

सोळा रंगांची मर्यादा स्वीकारावी. ती हात बांधत नाही, उलट निर्णय सोपे करते. रॉचेस्टरची खोली तपकिरी आणि पिवळ्या छटांत ठेवली आणि संपूर्ण चित्रात सोन्याचा झळाळता पिवळा फक्त शिवण उसवल्यावरच वापरला, तर त्या रंगाला अर्थ येतो. सुरतेचे चित्र काढताना मोठी जहाजे थेट शहरापर्यंत येत नसत, ती सुवाळीच्या समुद्रात नांगर टाकत आणि माल तापीतून लहान होड्यांनी येई, हे ध्यानात ठेवावे. ज्या वस्तूवर टिचकी मारता येते, तिची कडा पार्श्वभूमीपेक्षा स्पष्ट असावी. ठिपक्याठिपक्यावर बाण फिरवून शोधायला लावणे हा कोडे घालण्याचा मार्ग नव्हे. ध्वनीसाठी ॲडलिब या जुन्या ध्वनी-कार्डासारखा नऊ स्वरमार्गांचा आवाज ‘फर्नेस’ या विनामूल्य साधनात करता येतो. जबानी वाचताना संगीत थांबवावे.

खेळवून पाहणे आणि शेवट

खेळ पुरा झाल्यावर ज्याला हे प्रकरण अजिबात ठाऊक नाही अशा माणसाला समोर बसवावे, आपण मागे बसावे आणि काहीही बोलू नये. तो कोठे अडतो त्यापेक्षा तो काय चुकीचे गृहीत धरतो हे लिहून घ्यावे. एखाद्याने योहानाचे पत्र वाचून ‘म्हणजे कंपनीच यात सामील आहे’ असा निष्कर्ष काढला, तर त्याच्या तर्कात दोष नाही. सुरतेतही त्या दिवसांत कंपनीवर असाच संशय होता. अशा वेळी पत्रातला मजकूर न बदलता, कंपनीला या लुटीने काय गमवावे लागले हे दाखवणारा एक कागद वाढवावा.

शेवट कसा करावा याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. १६९६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एव्हरीच्या सहा खलाशांवर खटला चालला. पहिल्या खटल्यात पंचांनी त्यांना सोडले, म्हणून मूळ जहाज पळवल्याच्या आरोपावर दुसरा खटला झाला आणि २५ नोव्हेंबर रोजी पाच जण फासावर गेले. डॅन साक्षीदार झाल्यामुळे वाचला. एव्हरीला पकडून देणाऱ्यास सरकारने जाहीर केलेल्या ५०० पौंडांत कंपनीने आणखी ५०० ची भर घातली, तरी तो हाती लागला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात मिडलटाउन येथे १६९३ साली येमेनमध्ये पाडलेले एक चांदीचे नाणे जमिनीतून निघाले, आणि त्याने एव्हरीच्या माणसांच्या वाटांविषयीची चर्चा पुन्हा जागी केली. खेळाच्या अखेरीस हे नाणे दाखवण्याचा मोह होईल, पण तो आवरावा, कारण ते कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

त्याऐवजी डॅनच्या जबानीतला एक बारीक तपशील घ्यावा. त्याने सांगितले की इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स येथे त्याला एक ओळखीचा चेहरा दिसला: एव्हरीचा सहकारी हेन्री ॲडम्स याची पत्नी प्रवासी बग्गीत चढत होती. आपण कप्तान ब्रिजमनकडे निघालो आहोत, असे ती म्हणाली, पण तो कोठे आहे हे तिने सांगितले नाही. खेळणाऱ्याने सर्व उत्तरे बरोबर दिल्यावर त्याला हीच बग्गी दाखवावी. ‘विचारा’ हे क्रियापद शेवटचे एकदा वापरू द्यावे, बाईने मान हलवावी, आणि बग्गी पडद्याच्या डाव्या कडेने निघून जावी.